दोन चाफे, एक नाव

१/
पौराणिक मालिकांत आणि कॅलेंडरांवरील चित्रांत ऋषींच्या आश्रमाबाहेर एक झाड अनेकदा दिसते. जाड, वाकड्या फांद्या, टोकाला पानांचा झुबका आणि त्यात पाच पाकळ्यांची पांढरी फुले, गाभ्याशी पिवळी. देवळाच्या आवारात हेच झाड, समाधीपाशीही हेच. त्यामुळे ते अनादी काळापासून या भूमीत असावे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात रामायणाची रचना होत असताना या झाडाचे एकही मूळ आशियाच्या मातीत नव्हते. संस्कृत कवींनी ज्या चंपकाचे गोडवे गायले, तो वेगळाच वृक्ष होता. एकाच नावाखाली नांदणाऱ्या या दोन फुलझाडांचा हा इतिहास.

२/
पहिला सोनचाफा. त्याचे आजचे शास्त्रीय नाव मॅग्नोलिया चंपाका. हा सदाहरित आणि उंच वाढणारा वृक्ष पश्चिम घाटापासून पूर्व हिमालयापर्यंत आणि पुढे म्यानमार, मलाया, इंडोनेशियापर्यंतच्या जंगलांत निसर्गतः उगवतो. दुसरा देवचाफा. त्यालाच खुरचाफा, खैरचाफा, पांढरा चाफा अशीही नावे आहेत. त्याचे शास्त्रीय नाव प्लुमेरिया. या प्रजातीतील सर्व जाती मूळच्या अमेरिका खंडातल्या: मेक्सिको, मध्य अमेरिका, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग आणि कॅरिबियन बेटे. तिची मूळची रानटी जात आशियात एकही नाही. इतिहासाच्या दृष्टीने हा पुरावा फार वजनदार आहे.

३/
दोन्ही फुले शेजारी ठेवून पाहिली, तर गोंधळाला जागाच उरत नाही. सोनचाफ्याचे फूल पानाच्या बगलेत एकेकटे येते. त्याला साधारण बारा ते वीस लांबट पाकळ्या असतात. बाहेरची दले कोणती आणि पाकळ्या कोणत्या, हे वेगळे सांगता येत नाही. मध्यभागी एका दांड्यावर केसर आणि बीजकोश सर्पिल रांगेत बसलेले असतात. देवचाफ्याची फुले फांदीच्या टोकाला गुच्छाने येतात. पाकळ्या बरोबर पाच, एकमेकींवर किंचित चढलेल्या, भिरभिऱ्यासारख्या. देठ मोडला की पांढरा चीक वाहतो. सोनचाफ्याला असा चीक नसतो.

४/
वनस्पतिशास्त्रात या दोघांचे नाते जवळजवळ नाहीच. सोनचाफ्याचे मॅग्नोलिया कुळ हे सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक आहे. या शाखेतील वनस्पतींचे जीवाश्म डायनोसॉरच्या काळापर्यंत मागे जातात. देवचाफ्याचे कुळ कण्हेरीचे. तगर, सदाफुली, बिट्टी ही त्याची भावंडे. म्हणजे ‘चाफा’ या आडनावाने एकत्र आलेल्या या दोघांत रक्ताचा संबंध नाही. मग एकाचे नाव दुसऱ्याला मिळाले कसे? या प्रश्नाचे उत्तर झाडांपेक्षा माणसांविषयी अधिक सांगते.

५/
आधी जुन्या चाफ्याची कागदपत्रे पाहू. अमरकोशात चंपकाला ‘चांपेय’ आणि ‘हेमपुष्पक’ असे पर्याय आहेत. हेमपुष्पक म्हणजे सोन्यासारख्या फुलाचा. मराठीतील ‘सोनचाफा’ हा शब्द नेमका तोच अर्थ घेऊन उभा आहे. ‘चंपक’चा ‘चाफा’ झाला, ‘हेम’चे ‘सोन’ झाले; रंगाची आणि नावाची ही परंपरा अखंड राहिली. अंग देशाची राजधानी चंपा, म्हणजे आजच्या भागलपूरजवळचे प्राचीन नगर, हिचे नावही परंपरेने याच वृक्षाशी जोडलेले आहे.

६/
संस्कृत काव्यात एक गमतीदार संकेत रूढ आहे: भुंगा सगळ्या फुलांवर बसतो, पण चंपकाकडे फिरकत नाही. कवींनी त्यावर कितीतरी कल्पना रचल्या. इतके रूप, इतका सुगंध, तरीही रसिक दूरच, अशी चंपकाची व्यथा रंगवली. या संकेतामागे निरीक्षण असू शकेल. मॅग्नोलिया कुळातील फुलांचे परागीभवन मुख्यतः लहान भुंगेऱ्यांकडून होते, आणि या फुलांत मध जवळपास नसतोच. काव्यसंकेत म्हणजे वनस्पतिशास्त्राचा ग्रंथ नव्हे. पण त्यातला चंपक कोणता हे ओळखायला तो मदत करतो.

७/
सर्वांत बोलका पुरावा मुघल दरबारातला. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त हिंदुस्थानातील सुगंधी फुलांची यादी आहे. तीत चंप्याचे वर्णन येते: फूल निमुळते, बोटाएवढे, पाकळ्या दहा किंवा अधिक, एकीवर एक दुमडलेल्या, आणि झाड सात वर्षांनी फुलते. पाच पाकळ्यांच्या देवचाफ्याशी हे वर्णन कोणत्याही बाजूने जुळत नाही. अकबराच्या काळात ‘चंपा’ म्हटल्यावर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सोनचाफाच होता, हे यातून स्पष्ट होते.

८/
पुढची महत्त्वाची नोंद केरळातली, आणि तिचा धागा गोव्याला येऊन मिळतो. डच मलबारचा प्रमुख हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने ‘हॉर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. सुमारे ७४० वनस्पतींची वर्णने आणि भव्य चित्रे त्यात आहेत. इट्टी अच्युदन हा मल्याळी वैद्य त्याचा मुख्य आधार. त्याच्या जोडीला कोचीन येथे स्थायिक झालेले तीन कोकणी भाषक सारस्वत पंडित होते: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट.

९/
या तिघांचे १६७५ सालचे कोकणी निवेदन पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे. छापील नागरीच्या आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. वनस्पतींच्या चित्रांवरही मल्याळम आणि अरबी लिपींसोबत नागरीत कोकणी नावे कोरलेली दिसतात. याच पहिल्या खंडात ‘चंपकम्’ या नावाने सोनचाफा सचित्र आला आहे. म्हणजे युरोपच्या छापखान्यात चाफा पोहोचला तो त्याचे भारतीय नाव घेऊनच.

१०/
पुढे स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ साली ‘स्पेसीज प्लांटारुम’ प्रसिद्ध केला. वनस्पतींच्या द्विनामपद्धतीचा हा पायाभूत ग्रंथ. लिनियस भारतात कधीच आला नाही. इथल्या वनस्पतींसाठी ऱ्हीडचा ग्रंथ हा त्याचा एक प्रमुख आधार होता. त्याने सोनचाफ्याला ‘मिशेलिया चंपाका’ असे नाव दिले. त्यातले मिशेलिया हे फ्लॉरेन्सचा वनस्पतिज्ञ मिकेली याच्या स्मरणार्थ, आणि चंपाका हे थेट संस्कृतातून. त्याच ग्रंथात ‘प्लुमेरिया रुब्रा’ हेही नाव आहे. दोन्ही चाफे एकाच पुस्तकात, एकाच वर्षी शास्त्राच्या दप्तरी दाखल झाले.

११/
आता दुसऱ्या चाफ्याचे माहेर पाहू. मेक्सिकोतील नहुआत्ल भाषेत त्याचे नाव ‘काकालोशोचित्ल’. काकालोत्ल म्हणजे डोमकावळा, शोचित्ल म्हणजे फूल. अझ्टेक समाजात सुगंधी फुलांना मोठा मान होता. सोहळ्यांत, पाहुण्यांच्या स्वागतात आणि उमरावांच्या बागांत त्यांना स्थान होते. या शब्दातील ‘काक’ ऐकून संस्कृतशी नाते जोडण्याचा मोह कोणाला होईल. तो आवरावा. कावळ्याचे नाव जगातील अनेक भाषांत त्याच्या ओरडण्यावरूनच पडलेले आहे.

१२/
स्पॅनिश विजयानंतर फ्रान्सिस्कन साधू बेर्नार्दिनो दे साहागुन याने नहुआ जाणकारांच्या साहाय्याने त्यांच्या समाजाचा बारा भागांचा ज्ञानकोश तयार केला. नहुआत्ल आणि स्पॅनिश अशा दोन रकान्यांत लिहिलेली ही हस्तलिखिते ‘फ्लॉरेंटाइन कोडेक्स’ म्हणून ओळखली जातात. त्याचा अकरावा भाग प्राणी, वनस्पती आणि खनिजे यांना वाहिलेला आहे. काकालोशोचित्ल त्यात आहे. देवचाफ्याच्या जन्मभूमीची ही लेखी साक्ष सोळाव्या शतकातली, म्हणजे अबुल फजलच्या जवळपास समकालीन. तेव्हा दोन्ही चाफ्यांची नोंद होत होती, पण दोन वेगळ्या खंडांत.

१३/
समुद्राने हे अंतर पुसले. १४९२ नंतर अमेरिकेतील वनस्पती जगभर पसरू लागल्या. १५१० पासून गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि त्यांची जहाजे ब्राझील, आफ्रिका आणि गोवा यांना जोडत होती. १५६५ पासून स्पॅनिश गलबते मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरातून फिलिपिन्समधील मनिलाला ये-जा करू लागली. ही वाहतूक १८१५ पर्यंत चालली. मिरची, पेरू, पपई, अननस, काजू, बटाटा, तंबाखू, झेंडू यांचा प्रवास याच काळातला. देवचाफाही या नव्या सागरी जगाचाच प्रवासी.

१४/
फिलिपिन्सच्या मार्गाचा पुरावा तर नावातच जपला गेला आहे. तिथे या फुलाला ‘कालाचुची’ म्हणतात; काकालोशोचित्ल या नहुआत्ल शब्दाचे ते बदललेले रूप. फूल आणि नाव दोन्ही एकाच जहाजातून उतरले. आशियात इतरत्र मात्र फूल पुढे गेले आणि नाव मागे राहिले. मग प्रत्येक प्रदेशाने आपापल्या परीने नवे नाव शोधले, आणि येथून कथा खरी रंजक होते.

१५/
इंडोनेशियात त्याला ‘कंबोजा’ म्हणतात, म्हणजे कंबोडिया देशाचे नाव. उत्तर भारतात ‘गुलचीन’, म्हणजे चीनचे फूल. मल्याळममध्ये ‘ईळच्चेंपकम्’, म्हणजे सिंहलद्वीपाचा चाफा. तिन्ही नावे मिळून एकच गोष्ट सांगतात: हे झाड इथले नाही, शेजाऱ्याकडून आले आहे, ही जाणीव त्या त्या समाजाला होती. शेजारी कोणता, याबद्दल मात्र प्रत्येकाचा अंदाज वेगळा होता. मेक्सिकोचे नाव कोणीच घेतले नाही. फूल शेवटच्या टप्प्यात ज्याच्या हातून मिळाले, त्यालाच लोकांनी त्याचे घर मानले.

१६/
तेलुगूत ‘देवगन्नेरु’ आणि कन्नडमध्ये ‘देवकणगिले’, दोन्हींचा अर्थ देवाची कण्हेर. या दोन भाषांनी झाडाचा चीक, पानांची ठेवण आणि पाच पाकळ्यांचा पीळ पाहिला. वनस्पतिशास्त्रही त्यांच्याच बाजूने आहे, कारण देवचाफा खरोखरच कण्हेरीच्या कुळातला. बंगालीत ‘काठगोलाप’, म्हणजे लाकडी गुलाब. तिथे नजर गेली ती निष्पर्ण, काष्ठवत फांद्यांवर उमललेल्या फुलांकडे. मराठीने यांतले काहीच केले नाही. मराठीने वास घेतला आणि नाव दिले: चाफा.

१७/
मराठीतील ‘चाफा’ हा शब्द कुळाचे नाव नाहीच, हे इतर चाफ्यांवरूनही दिसते. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. भुईचाफा हळदीच्या आणि आल्याच्या कुळातला, जमिनीतून थेट फूल वर काढणारा. नागचाफा म्हणजे नागकेशर. कवठी चाफा मात्र सोनचाफ्याचा सख्खा आप्त. यांना जोडणारा समान धागा एकच: गाढ, मादक, दुरून ओळखू येणारा दरवळ. ‘चाफा’ ही मराठी माणसाने सुगंधाला दिलेली पदवी आहे, आणि परदेशातून आलेल्या झाडालाही ती देताना कोणी त्याचे मूळगाव विचारले नाही.

१८/
असे करणारे मराठी एकटे नव्हते. लाओसमध्येही देवचाफ्याला ‘दोक चंपा’ म्हणतात आणि ते तिथले राष्ट्रीय फूल आहे; संस्कृत नाव तिथेही नव्या फुलावर जाऊन बसले. युरोपातील कथा तर हुबेहूब आहे. फ्रांजिपाने या इटालियन उमराव घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा एक सुगंध तिथे हातमोज्यांना लावण्याची पद्धत होती. कॅरिबियन बेटांवर हे फूल भेटल्यावर लोकांना त्या वासाची आठवण झाली आणि फुलालाच ‘फ्रांजिपानी’ नाव मिळाले. नवे फूल जुन्या वासाच्या नावाने ओळखणे ही कोकणी आणि फ्रेंच नाकांची सारखीच रीत ठरली.

१९/
शास्त्रीय नावांत तर एक अद्भुत योगायोग दडलेला आहे. ‘प्लुमेरिया’ हे नाव फ्रेंच संन्यासी शार्ल प्ल्युमिए (१६४६ ते १७०४) याच्या सन्मानार्थ आहे. कॅरिबियन वनस्पतींच्या अभ्यासासाठी त्याने तीन सफरी केल्या. याच प्ल्युमिएने १७०३ साली मार्तिनिक बेटावरील एका वृक्षाला मोंपेलिएचा वनस्पतिज्ञ पिएर मान्योल याचे नाव दिले: मॅग्नोलिया. वनस्पतींच्या वर्गीकरणात ‘कुळ’ ही कल्पना रुजवणाऱ्यांत मान्योल अग्रणी होता. गेल्या काही दशकांत मिशेलिया ही प्रजाती मॅग्नोलियात विलीन झाली आणि सोनचाफा ‘मॅग्नोलिया चंपाका’ बनला. म्हणजे एका चाफ्याला ज्याचे नाव आहे, त्यानेच घडवलेले नाव आज दुसरा चाफा मिरवतो. प्ल्युमिएने भारत कधी पाहिलाही नव्हता.

२०/
देवचाफा इतक्या वेगाने आशियाभर का पसरला? उत्तर त्याच्या फांदीत आहे. कापलेली फांदी चीक वाळल्यावर कित्येक आठवडे मातीवाचून, पाण्यावाचून जिवंत राहते. समुद्रप्रवासासाठी याहून सोयीचे झाड विरळा. बंदरात उतरून जमिनीत खोचली की ती रुजते. सोनचाफ्याचे बी मात्र तेलकट आणि नाजूक. साठवून ठेवले की त्याची उगवणशक्ती लवकर जाते. बियांपासून वाढवलेले झाड फुलायला कित्येक वर्षे लागतात. अबुल फजलने सात लिहिली आहेत. एक झाड खलाशाच्या गाठोड्यात मावणारे, तर दुसरे पिढीभर एका जागी राहणाऱ्याने लावायचे.

२१/
देवचाफा देवळात आणि स्मशानात का शिरला, याचीही कारणे व्यावहारिक आहेत. त्याला निगा लागत नाही. चिकामुळे गुरे तोंड लावत नाहीत. फुले तोडावी लागत नाहीत. सकाळी झाडाखाली ताज्या फुलांचा सडा असतो. कोरड्या ऋतूत सारी पाने गाळून काष्ठासारखे उभे राहिलेले झाड पुन्हा फुलते, हे दृश्य मृत्यू आणि पुनर्जन्म यांविषयी विचार करणाऱ्या कोणत्याही समाजाला भावणारेच. म्हणून हिंदू देवळे, बौद्ध विहार, दर्गे आणि कबरस्ताने या सर्वांनी त्याला जागा दिली. इंग्रजांनी त्याला ‘पॅगोडा ट्री’ म्हटले ते याच दर्शनामुळे.

२२/
या पावित्र्याची दुसरी बाजूही आहे. स्मशानाशी जोडले गेल्यामुळे अनेक ठिकाणी लोक हे झाड घराच्या अंगणात लावायला कचरत. थायलंडमध्ये त्याचे जुने नाव ‘लन्थोम’. त्याचा उच्चार दुःखवाचक शब्दाशी मिळताजुळता, म्हणून ते घराजवळ नको असे. पुढे त्याला ‘लीलावदी’ हे नाव मिळाले, आणि तेच झाड बागांत व हॉटेलांच्या अंगणांत मानाने उभे राहिले. ‘लीलावदी’त संस्कृत ‘लीलावती’ सहज ऐकू येते. झाड तेच, माती तीच. बदलले फक्त नाव, आणि त्याबरोबर झाडाचे नशीब.

२३/
इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक सावधगिरी शिकण्यासारखी आहे. नाव जुने म्हणून वस्तू जुनी, असे होत नाही. संस्कृत ग्रंथात ‘चंपक’ सापडला म्हणून देवचाफा प्राचीन ठरत नाही. शिल्पात पाच पाकळ्यांचे फूल दिसले, तरी तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. तगरीच्या फुलालाही पाचच पाकळ्या असतात आणि त्यांनाही तसाच पीळ असतो, आणि तगर आशियातलीच. सीताफळाबाबत हेच घडले. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी भरहुत आणि मथुरेच्या शिल्पांत सीताफळ ओळखले होते. त्यावर वाद झाला, आणि १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशातही त्याची चर्चा आली. ‘सीता’ हे नाव जोडलेले असले तरी ते फळ अमेरिकेतलेच.

२४/
उलट दिशेची चूकही तितकीच टाळायला हवी. देवचाफा परदेशी ठरला म्हणून तो उपटून टाकावा, असा निष्कर्ष घाईचा आहे. परदेशी असणे आणि आक्रमक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाणेरीही अमेरिकेतूनच शोभेचे झुडूप म्हणून आली. पक्ष्यांनी तिचे बी पसरवले आणि तिने रानेच्या राने व्यापली. देवचाफ्याला भारतात शेंग क्वचितच धरते. तो माणसाने लावला तेथेच उभा राहतो. मायदेशातही त्याची रीत अजब आहे: रात्री गंध वाढवून तो मोठ्या पतंगांना बोलावतो, पण फुलात मध नसतोच. फसलेला पतंग एका फुलावरून दुसऱ्यावर जातो आणि परागीभवन होते.

२५/
घराच्या बागेचा प्रश्न आता इतिहासाच्या उजेडात पाहता येतो. अंगण मोठे असेल, माती खोल आणि ओलसर पण पाणी न साचणारी असेल, तर सोनचाफा जमिनीत लावावा. कलम घेतले तर सात वर्षे थांबावे लागत नाही. दोन-तीन वर्षांत फुले येऊ लागतात आणि झाडाचा आकारही आटोक्यात राहतो. वसईच्या वाड्यांतून दादरच्या फूलबाजारात पहाटे येणारी सोनचाफ्याची फुले अशा लागवडीतलीच. झाड मोठे झाले की त्याच्या लालसर गराच्या बियांवर पक्षी येतात. इथल्या जंगलाचा एक तुकडा त्यामुळे दारी नांदतो.

२६/
जागा थोडी, ऊन कडक आणि पाण्याची टंचाई असेल, तर देवचाफा बरा. फांदी कापून काही दिवस सावलीत ठेवावी, चीक वाळू द्यावा, मग निचऱ्याच्या मातीत खोचावी. गच्चीवरील मोठ्या कुंडीतही तो रमतो. त्याचा शत्रू एकच, जास्त पाणी. फांदी आतून कुजते. कोरड्या दिवसांत पाने गळली म्हणून झाड मेले असे समजू नये. चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतो, त्यामुळे छाटणी करताना जपावे.

२७/
दोघांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न बागेला लागू पडतो, इतिहासाला नाही. सोनचाफ्याने या भूमीला शब्द दिला: चंपक, चंपा, चाफा. तो शब्द कोशांतून, दरबारी नोंदींतून, कोकणी पंडितांच्या नागरी अक्षरांतून लिनियसपर्यंत पोहोचला. देवचाफा शब्दाविना आला आणि त्याने तोच शब्द पांघरला. त्या पांघरुणाखाली त्याचे मेक्सिकोतले नाव इतके झाकले गेले, की आज नुसते ‘चाफा’ म्हटले तर अनेकांच्या मनात पाहुणाच उभा राहतो, आणि मूळ मालकाला ‘सोन’ लावून ओळख सांगावी लागते.

२८/
म्हणून एखाद्या मालिकेत सीतेच्या केसांत पाच पाकळ्यांचा चाफा दिसला, तर तो काळाचा घोटाळा आहे हे ओळखता यावे. आणि गावच्या देवळातल्या त्याच चाफ्याला कोणी उपरा म्हटले, तर निदान तीन शतकांचा आशियातील सहवासही मोजता यावा. त्या झाडाखाली वेचलेले फूल देवापुढे ठेवणाऱ्या हातांनी त्याला आपले मानले, ही घटनाही इतिहासातलीच आहे. तिचा पुरावा कोणत्याही कोशाइतकाच स्पष्ट आहे: मराठीने त्या फुलाला दिलेले नाव.